हसूनकांचा जोडफोटो

त्यांचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण पाटी वाचायला सवड कुणाला होती? सरकारी कचेरीसमोर दुकान. कचेरीत फॉर्म घेतला की पहिला प्रश्न ‘फोटो कुठंय?’, आणि मग शिपायाचं बोट थेट रस्त्यापलीकडे. ‘ते काय, हसूनकांकडे जा.’ एखादा माणूस दिवसातून साठ-सत्तर वेळा एकच वाक्य बोलत असेल, तर लोक त्याला त्याच नावानं ओळखणार. त्यात लोकांचा काय दोष? ‘मान सरळ. हनुवटी खाली. दोन्ही कान दिसू द्या. हसू नका.’ गिऱ्हाईक हसत नसलं तरी हसू नका. रडवेलं असलं तरी हसू नका. एकदा एक बाई नोकरी गेली म्हणून नव्या अर्जासाठी फोटो काढायला आल्या होत्या, डोळे सुजलेले, नाक लाल. त्यांनाही हे म्हणाले, ‘हसू नका.’ त्या बाई इतक्या हसल्या की फोटो तीनदा घ्यावा लागला.

दुकान म्हणजे दहा बाय आठची खोली. मागे पांढरा पडदा, त्यापुढे फिरतं स्टूल, दोन बाजूंना छत्र्या लावलेले दोन दिवे, भिंतीवर आरसा आणि आरशाला दोरीनं बांधलेला कंगवा. दोरी अशासाठी, की आधीचे अकरा कंगवे गिऱ्हाइकांबरोबर निघून गेले होते. दाराशी टेबल आणि टेबलाशी बायको. हसूनकांनी फोटो काढून छापायचा, बायकोनं तो कापायचा आणि आठाचा संच पाकिटात घालून द्यायचा. एकवीस वर्षं ती लोकांचे चेहरे चौकोनात कापत आली होती. बोलता बोलता कापलं तरी कुणाचा कान गेला असं एकदाही झालं नाही.

हसूनका माणसाकडे बघत तेही कानांपासूनच. शेजारी नवं बिऱ्हाड आलं तेव्हा बायकोनं विचारलं, ‘कशी आहेत हो माणसं?’ हे म्हणाले, ‘त्यांचा डावा कान जरा बाहेर आहे, बाकी ठीक.’

असा हा फोटोग्राफर. आणि त्याच्याच घरात दिव्याखाली अंधार. बाहेरच्या खोलीत, बरोबर टीव्हीच्या वर, नवराबायकोचा एक मोठा फोटो होता, आणि तो खोटा होता. म्हणजे त्यातली माणसं खरी, पण ती कधी तशी शेजारी बसलीच नव्हती. लग्नात फोटो काढायला मित्राला सांगितलं होतं. जेवणाच्या पंगती चालू असताना नवरदेवाला शंका आली की रोल नीट सरकतोय की नाही. मित्र नको नको म्हणत असताना यांनी कॅमेरा ओढून घेतला आणि मागचं झाकण उघडून बघितलं. रोल अगदी नीट सरकत होता. पण आत उजेड शिरला आणि छत्तीसच्या छत्तीस फोटो पांढरेफटक झाले.

मग यांनी जोड दिला. आपला दुकानाच्या परवान्यासाठी काढलेला फोटो घेतला, तिचा परीक्षेच्या प्रवेशपत्रावरचा घेतला आणि दोन्ही मोठे करून एकमेकांना चिकटवले. हात इतका साफ, की पाहुण्यांना कळत नसे. ‘छान आलाय हो जोडा,’ असंच सगळे म्हणायचे. पण बायको कापणारी. तिला सांधा पहिल्या दिवशी दिसला. तिचा खांदा यांच्या खांद्यापेक्षा दोन बोटं वर. यांच्या नाकाची सावली उजवीकडे पडलेली आणि तिच्या नाकाची डावीकडे. ‘यांची सकाळ नि माझी संध्याकाळ,’ असं ती म्हणायची, पूर्वी हसून आणि अलीकडे न हसता.

‘दुसरा काढू की,’ हे दर वर्षी म्हणत, आणि दर वर्षी कॅमेऱ्याच्या मागेच उभे राहत. मुलांचे फोटो, मुलांच्या आईचे फोटो, सहलींचे फोटो, सगळ्यांत हे नव्हते. लोकांना वाटे, कामाचा माणूस आहे. खरं कारण यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं. यांना कॅमेऱ्याची भीती वाटायची. समोर कॅमेऱ्याची ती काचेची बाहुली आली की हात कुणाचे आहेत ते कळेनासं व्हायचं आणि गाल दगड होऊन जायचे. रोज सत्तर माणसांना त्या स्टुलावर बसवणारा हा माणूस स्वतः त्यावर बसायचा तो फक्त वरचा बल्ब बदलायला चढताना, तेही पायांनी.

या वर्षी थोरली अठराची झाली, धाकटा पंधराचा. दोघांनी ठरवलं की आईबाबांनी दोन दिवस कुठंतरी जावं, आणि दोघांनीच जावं. राहायला मावशी आली. जायचं कुठं, तर तीन तासांवरच्या त्या जुन्या राजधानीच्या शहरात. तिथं राजवाडा, तोफा, संग्रहालय, आणि बायकोच्या शाळेच्या पुस्तकातल्या चित्रातला तो मोठा दरवाजा. निघायच्या सकाळी तिनं खुर्चीवर चढून भिंतीवरचा फोटो काढला आणि कपाटात, जुन्या चादरींच्या खाली ठेवला.

‘हे काय?’ हसूनका म्हणाले.

‘बाकी काही बघितलं नाही तरी चालेल मला. त्या दरवाजासमोर आपल्या दोघांचा एक फोटो पाहिजे. एका वेळी, एका जागी, एका कॅमेऱ्यात. तो आला तर खिळ्यावर लागेल. नाहीतर खिळा तसाच राहील. येणाऱ्याजाणाऱ्याला मी कारण सांगेन.’

मुलं, मावशी आणि खिळा, सगळे यांच्याकडे बघत होते. हे ‘बरं’ म्हणाले आणि कॅमेऱ्याची बॅटरी तपासायला लागले. ती काल रात्रीच भरून ठेवली होती.

पहिल्या दिवशी हसूनकांनी कामाचा नुसता सपाटा लावला. राजवाड्यात, बुरुजावर, तोफेपाशी, संग्रहालयाच्या पायऱ्यांवर, जिथं जावं तिथं बायकोला उभं करायचं आणि कॅमेरा डोळ्याला लावायचा. तिला बरंही वाटलं. एवढं कौतुक लग्नातसुद्धा झालं नव्हतं. फक्त एक गोष्ट तिला जरा खटकत होती. राजवाड्याच्या कोरीव खांबापाशी ती उभी राहिली की हे म्हणायचे, ‘तिथं नको, जरा इकडे सरक.’ इकडे म्हणजे तिकीटखिडकीच्या चुन्याच्या भिंतीपाशी.

संध्याकाळी लॉजच्या गच्चीवर चहा घेताना तिनं कॅमेरा मागितला आणि पडद्यावर एकेक फोटो पुढे सरकवू लागली. दहा झाले, वीस झाले, पन्नास झाले.

‘ही मी कुठं आहे?’

‘राजवाड्यात.’

‘आणि ही?’

‘तोफेजवळ.’

‘तोफ कुठंय?’

‘तोफ मागे येत होती,’ हसूनका अभिमानानं म्हणाले. ‘मोठ्या मुश्किलीनं काढून टाकली.’

एकशे बेचाळीस फोटो होते. एकशे बेचाळीस वेळा तीच ती, खांद्यापासून वर, मान सरळ, दोन्ही कान बाहेर, ओठ मिटलेले आणि मागे पांढरं. साडी सारखी होती म्हणून, नाहीतर हे सगळे वेगवेगळ्या अर्जांना लावता आले असते. एवढं मोठं शहर, चारशे वर्षं जुनं, त्यातली एक वीटही यांनी आत शिरू दिली नव्हती.

‘अहो, तुम्ही मला शहर बघायला आणलंत, की माझा परवाना काढायला?’

हसूनकांनी कॅमेरा हातात घेतला आणि खरंच दचकले. मुद्दाम केलं नव्हतं. हातालाच तेवढं येत होतं, त्याला ते काय करणार? ‘कान मात्र सगळ्यांत आलेत,’ ते हळूच म्हणाले. मग तिला इतकं हसू आलं की चहा साडीवर सांडला. त्याच वेळी मावशीचा फोन आला. इकडे सगळं छान चाललंय, ती म्हणाली, धाकटा स्वतः उठून आंघोळ करतो, थोरलीनं कपाट आवरलं, तुम्ही हवं तर आठवडाभर राहा. हे ऐकून दोघांचेही चेहरे जरा उतरले.

‘उद्या दरवाजा,’ झोपायला जाताना बायको म्हणाली. ‘उद्या तुम्ही माझ्या शेजारी.’

हसूनकांनी भरलेली बॅटरी पुन्हा भरायला लावली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता दोघं दरवाजापाशी पोचली. चारची बस होती. वळणावरून पुढे आली आणि थांबली. दरवाजा नव्हता. म्हणजे असणार, पण खालपासून वरपर्यंत त्याला बांबूच्या परांच्या बांधलेल्या आणि वरून हिरवी जाळी सोडलेली. आत कुठंतरी कुणीतरी छिन्नी ठोकत होतं. समोर पाटी: ‘दुरुस्ती चालू आहे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’

हसूनकांना काय वाटलं ते सांगायलाच हवं. त्यांना हायसं वाटलं. पडत्या फळाची आज्ञा! आपण तयार होतो, दरवाजाच तयार नव्हता. असं वाटल्याची लाज त्यांना लगेच वाटली, पण हायसं आधी वाटलं, आणि त्या भरात तोंडातून निघून गेलं, ‘जाऊ दे गं, एवढं काय? दरवाजाचा जुना फोटो कुठंही मिळेल. घरी गेलो की जोडून देतो.’

बायको समोरच्या ओट्यावर जाऊन बसली. पर्स मांडीवर घेतली, तिची चेन उघडली, लावली, परत उघडली. हसूनका घुटमळत शेजारी उभे राहिले.

‘एक सांगू?’ ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. ‘मी उद्या मेले तरी तुमचं काही अडणार नाही. माझे एकशे बेचाळीस आहेत तुमच्याकडे. मला कुणाच्याही शेजारी जोडाल. एकवीस वर्षं मी तुमच्या शेजारी बसलेय असं लोकांना दिसतंय. बसलेय का मी कधी? तुम्ही सारखे त्या कॅमेऱ्याच्या मागे, नि मी पुढे. कधी वाटतं, माझ्याजवळ बसायचीच लाज वाटते या माणसाला.’

लाज! आपली भीती आपल्यापाशी, असं ते समजत होते. बायकोनं एकवीस वर्षं त्या भीतीचा हा अर्थ लावला असेल, हे त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं. सांगावं, तर सांगायचं काय? फोटोग्राफर आहे आणि फोटोला घाबरतो? ते सरळ कामाला लागले, कारण तेवढंच जमत होतं. कॅमेरा समोरच्या कठड्यावर ठेवला, दहा सेकंदांचा टायमर लावला आणि धावले. जाळी तर जाळी.

पहिल्या फोटोत यांची पाठ आली. दुसऱ्या वेळी कॅमेरा हलला का बघायला हे परत गेले, तेव्हा फक्त एक नाकपुडी आली, फार मोठी. तिसऱ्या वेळी सगळं जुळलं होतं, पण आठव्या सेकंदाला यांना दिसलं की तिचा डावा कान पदरात गेलाय, आणि तो काढायला हे वळले. आला तो फोटो असा, की ओट्यावर बसलेल्या बाईचा कुणीतरी कान पिळतोय. बायकोनं तो बघितला, कॅमेरा त्यांच्या हातात दिला आणि बसस्टँडच्या दिशेनं चालू लागली.

हसूनका मागून निघाले. गल्ली अरुंद होती. एका बाजूला शिंपी, मग चपलांचं दुकान, मग एक बंद दार. ती पुढे, हे दहा पावलं मागे. आणि चपलांच्या दुकानापलीकडे यांची मान आपोआप वळली. धंद्याची पाटी धंद्यातल्या माणसाला दिसतेच. ‘फोटो. दहा मिनिटांत.’ काचेतून आतला पडदा दिसत होता, आणि त्या पडद्यावर तो मोठा दरवाजा रंगवलेला होता. रंगवणाऱ्यानं खिडक्या अंमळ जास्त घातल्या होत्या आणि आभाळाला पाण्याच्या टाकीचा निळा रंग दिला होता, पण दरवाजा तोच.

ती पुढे निघून गेली होती. तिला काही दिसलं नव्हतं. यांनी गप्प बसायचं ठरवलं असतं तर बस मिळाली असती, खिळा रिकामा राहिला असता, आणि दर वर्षी ‘काढू की’ म्हणता आलं असतं. हसूनका त्या काचेसमोर उभे राहिले.

‘अगं, थांब!’ ते ओरडले. शिंप्यानं मान वर केली. ‘मला लाज नाही वाटत गं! भीती वाटते!’

ती वळली. ‘कसली?’

‘फोटोची.’

ती दहा पावलं परत आली. त्यांच्याकडे बघितलं, काचेकडे बघितलं, पुन्हा त्यांच्याकडे बघितलं. ‘फोटोची?’

‘पहिल्यापासून. हात कुठं ठेवायचे ते कळत नाही. चेहरा मेल्यासारखा होतो. लग्नात रोल सरकतोय का बघायला गेलो ना, तेही खरं तर स्टेजवरून पळायलाच गेलो होतो.’

यावर कुणी चिडलं असतं तरी चाललं असतं. तिनं पर्सची चेन लावून टाकली. मग म्हणाली, ‘एकवीस वर्षं बोलला नाहीत? आधी आत चला.’

‘दरवाजा खोटा आहे पण.’

‘दरवाजा खोटा चालेल. माणसं खरी पाहिजेत.’

आत एक म्हातारा फोटोग्राफर होता, सत्तरीचा, चष्म्याच्या दांड्यांना दोरी बांधलेला. बाकी खोली हसूनकांना इतकी ओळखीची होती की क्षणभर घरीच आल्यासारखं वाटलं. दोन छत्र्या, स्टूल, आरसा आणि आरशाला दोरीनं बांधलेला कंगवा. म्हाताऱ्यानं स्टूल बाजूला सारून एक बाक ओढलं. ‘दोघांचा ना? बसा.’

हसूनकांना राहवेना. ‘तो डावीकडचा दिवा जरा खाली घेतला तर–’

‘फोटोग्राफर का तुम्ही?’

‘हो. चोवीस वर्षं झाली.’

‘मग गप्प बसा. फोटोग्राफरइतकं वाईट गिऱ्हाईक नाही. डॉक्टर कसे इंजेक्शनला घाबरतात, तसलं असतं तुमचं. ते हात मांडीवर ठेवा. तुमच्याच मांडीवर. अहो, असे पकडू नका, पळून नाही चालले ते.’

म्हातारा कॅमेऱ्यामागे गेला आणि ती काचेची बाहुली हसूनकांकडे बघायला लागली. झालं. गाल दगड झाले. म्हणजे रोज त्या सत्तर लोकांना असं होतं तर! आणि आपण त्यांना वर दटावतो. इतक्यात बायको एक बोटभर सरकली आणि तिचा दंड यांच्या दंडाला लागला. ऊन लागलेला होता, गरम. दुकानात ती रोज चार हातांवर बसायची, पण असं खांद्याला खांदा लावून, काही काम न करता, दोघं कधी बसलीच नव्हती. त्यांना फार बरं वाटलं, आणि एवढ्या साध्या गोष्टीला आपण इतकी वर्षं लावली याचं वाईटही वाटलं.

‘हां,’ म्हातारा म्हणाला. ‘मान सरळ. हनुवटी खाली. साहेब, दोन्ही कान दिसू द्या.’

बायकोचा दंड हलायला लागला.

‘आणि हसू नका.’

तिनं तोंड दाबून धरायचा प्रयत्न केला, पण नाकातून आवाज आलाच. तो ऐकला आणि यांचे ते दगडाचे गाल फुटले. हसूनका हसले. साधंसुधं नाही, अगदी दाढांपर्यंत. दिवा लखकन पेटला.

‘बिघडला,’ म्हातारा वैतागून म्हणाला. ‘दात दिसतायत. परत घेऊ.’

‘परत नाही. हाच.’

‘अहो, कानसुद्धा–’

‘कान गेले खड्ड्यात,’ हसूनका म्हणाले. बायकोनं चमकून त्यांच्याकडे बघितलं.

दहा मिनिटं म्हणता म्हणता पंचवीस झाली आणि चारची बस गेली. फोटो हातात आल्यावर हसूनकांना असा काही जोर चढला, की त्यांनी आपला कॅमेरा काढला. ‘काका, तुमचाही एक काढू?’ म्हातारा झर्रकन पडद्यामागे गेला. ‘मला कामं आहेत,’ त्या जास्तीच्या खिडक्यांमागून आवाज आला.

घरी पोचायला सहाच्या बसमुळे उशीर झाला. मुलं आणि मावशी जागीच होती. बायकोनं चपला काढायच्या आधी कपाटातून जुनी चौकट आणली, मागचे खिळे वाकवून आतली परवान्याची आणि प्रवेशपत्राची माणसं बाहेर काढली आणि नवा फोटो आत घातला. एका कडेला पडद्याची दोरी आली होती. ती कापायला तिनं कात्री उचलली, आणि परत ठेवून दिली.

मुलांनी चौकट हातात घेतली. ती फोटोच्या दुकानात वाढलेली. त्यांना असलं काही सांगावं लागत नाही.

‘बाबा, हे जोडलंय तुम्ही,’ धाकटा लगेच म्हणाला. ‘दरवाजा तर सरळसरळ खोटा आहे.’

‘दरवाजा खोटाच आहे,’ हसूनका म्हणाले.

‘आणि हे तोंड कुणाचं आहे?’ थोरलीनं फोटो दिव्याखाली धरला. ‘बाबांचे दात असे आहेत? मावशी, तू कधी बाबांचे दात बघितलेस?’

मावशीनं बघितले नव्हते. सगळ्यांनी हसूनकांकडे वळून बघितलं. आता मात्र त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले होते.

‘उजेड बघा,’ आई म्हणाली.

दोघं मुलं फोटोवर वाकली. थोरलीनं बोट आधी बाबांच्या नाकाशी नेलं, मग आईच्या. एकदा नेलं, पुन्हा नेलं. दोन्ही सावल्या उजवीकडे पडल्या होत्या.

धाकट्यानं खुर्ची ओढली, वर चढला आणि फोटो खिळ्याला लावला.